साहसपटांतील आत्मशोध



मुंबईच्या लोअर परळ भागात, आज ज्याला ना. म. जोशी मार्ग म्हणतात त्या जुन्या डिलाइल रोडवर, १९२६ साली दीपक टॉकीज नावाचे चित्रपटगृह सुरू झाले. त्या काळी त्या परिसरात चहूकडे कापडगिरण्यांची धुराडी उभी होती आणि लोकांचा दिवस गिरणीच्या भोंग्यावर उगवत व मावळत असे. पाळी सुटली की कोकणातून अथवा घाटावरून आलेला कामगार खानावळीत जेवून घेई, आणि खिशात चार-दोन आणे शिल्लक असतील तर चित्रपटगृहाची वाट धरी. तेथे त्याला पाहावयाचे असे ते तलवारीचे द्वंद्व, घोड्यावरील पाठलाग, छपरावरून घेतलेली उडी आणि दुष्टाच्या पाठीत बसलेला शेवटचा रट्टा. ह्या चित्रपटांना लोक स्टंटपट म्हणत. कोणी साहसपट म्हणत, कोणी नुसतेच मारामारीचे चित्रपट म्हणत.

सुशिक्षितांच्या घरी ह्या चित्रपटांना प्रतिष्ठा नव्हती. संतपट पाहावा, फार तर एखादा सामाजिक बोलपट पाहावा. परंतु मारामारीचा चित्रपट हा पिटात बसून शिट्ट्या मारणाऱ्यांसाठी, अशी सर्वसाधारण समजूत होती. ती आजही पुष्कळ घरांतून आढळते. मुलगा असा चित्रपट पाहून मुठी आवळीत घरी आला, तर आईबापांच्या कपाळाला आठी पडते. ही काळजी अगदीच अनाठायी आहे असे म्हणता येणार नाही. परंतु तिच्यामुळे एक गोष्ट दृष्टीआड होते. ज्या चित्रपटांत हाणामारी आहे, त्यांतील काही थोड्या चित्रपटांत मनुष्य स्वतःला कसा ओळखतो, ह्याची कथाही सांगितलेली असते. आणि ती कधीकधी उपदेशपर चित्रपटांपेक्षा अधिक खोलवर जाऊन सांगितलेली असते. असे चित्रपट कोणते आणि ते ओळखावयाचे कसे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रारंभ परळपासूनच करणे योग्य होईल. लोअर परळहून पूर्वेकडे करी रोड ओलांडून गेले की परळ-लालबागचा भाग लागतो. तेथे लवजी कॅसल ही वाडिया घराण्याची वडिलार्जित वास्तू होती. ज्या लवजी नसरवानजी वाडियांनी १७३६ साली सुरतेहून मुंबईस येऊन जहाजबांधणीचा व्यवसाय उभारला, त्यांचेच हे घराणे. त्याच घराण्यातील जे. बी. एच. वाडिया व होमी वाडिया ह्या बंधूंनी १९३३ साली वाडिया मूव्हिटोन ही संस्था काढली आणि ह्या वास्तूत आपला स्टुडिओ थाटला. १९३५ साली तेथून 'हंटरवाली' हा बोलपट बाहेर पडला. त्याची नायिका नादिया. तिचे मूळ नाव मेरी एव्हान्स. जन्म १९०८ सालचा, ऑस्ट्रेलियातील पर्थ येथला. घोड्यावर बसणे, उंचावरून उडी घेणे, धावत्या गाडीवर झुंजणे ही कामे ती स्वतः करी. दुसऱ्या कोणास आपल्या जागी उभे करणे तिला मान्य नव्हते.

'हंटरवाली'ची कथा साधी आहे. एका राज्याची राजकन्या माधुरी. राज्यात प्रधानाने अन्याय मांडलेला. ती तोंडावर बुरखा चढविते, हाती चाबूक घेते आणि गोरगरिबांचा कैवार घेऊन दुष्टांना शासन करिते. ह्या कथेत आत्मशोध कोठे आला, असे कोणी विचारील. फारसा नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. राजकन्या जशी आरंभी शूर, तशीच शेवटी शूर. दुष्ट पराभूत होतो, परंतु नायिकेच्या मनात काही घडून येत नाही. तथापि एक गोष्ट ह्या चित्रपटाने साधली. महालात राहणाऱ्या मुलीच्या अंगी एक दुसरी, निर्भय व्यक्ती दडलेली असते, आणि प्रसंग आला म्हणजे ती बाहेर पडू शकते, हे त्याने हजारो प्रेक्षकांना दाखविले. त्या प्रेक्षकांत स्त्रियाही होत्या. आपल्या ठिकाणी काय सामर्थ्य आहे ह्याची ओळख पटणे, ही आत्मशोधाची पहिली पायरी होय. 'हंटरवाली' त्या पायरीपर्यंत येऊन थांबते.

पुढच्या पायरीचा विचार करावयाचा तर चित्रपटगृहातून क्षणभर तालमीत गेले पाहिजे. गिरणगावात चित्रपटगृहे होती, तशा तालमी व व्यायामशाळाही होत्या. मुले तेथे जोर-बैठका काढीत, मल्लखांबावर चढत, लेजीम खेळत. तालमीची एक शिस्त असते. आत पाऊल टाकताना मारुतीला नमस्कार करावयाचा, आखाड्यातील माती कपाळी लावावयाची, वस्तादाचा शब्द मोडावयाचा नाही. आणि ज्याने अंगात बळ कमावले, त्याने रस्त्यावर ऊठसूट हात उचलावयाचा नाही, ही त्या शिस्तीतली सर्वांत अवघड गोष्ट. दुर्बळ मनुष्य मार खाऊन स्वस्थ बसला, तर त्यात त्याचा इलाज नसतो. परंतु ज्याला उलट मारता येते, त्याने हात आवरला, तर त्याने स्वतःवर काही जय मिळविलेला असतो. ज्या साहसपटाला हा भेद समजला, तो चित्रपट दुसऱ्या पायरीवर चढला, असे म्हणण्यास हरकत नाही.

असा एक चित्रपट त्याच परळात, त्याच वास्तूत तयार झाला, हा मोठा योग म्हटला पाहिजे. १९४२ साली व्ही. शांताराम ह्यांनी प्रभात संस्था सोडल्यावर ती जागा घेतली आणि तेथे राजकमल कलामंदिराची स्थापना केली. ह्या राजकमलने १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला. कथा ग. दि. माडगूळकरांची, संगीत वसंत देसायांचे, दिग्दर्शन शांतारामांचे, आणि मुख्य भूमिकाही त्यांचीच. ह्या चित्रपटाला कोणी साहसपट म्हणत नाही. परंतु त्यात खुनी कैदी आहेत, भाडोत्री गुंडांचा हल्ला आहे, आणि शेवटी माणसाची मस्तवाल बैलांशी झुंज आहे. साहसपटाला लागणारी सर्व सामग्री त्यात हजर आहे. फक्त तिचा उपयोग निराळ्या हेतूने केला आहे.

आदिनाथ नावाचा एक तुरुंगाधिकारी सहा खुनी कैद्यांना बरोबर घेऊन एका ओसाड जागी जातो. भिंत नाही, बेड्या नाहीत, पहारा नाही. त्यांच्याकडून तो जमीन कसून घेतो. ह्या सहा जणांचे बारा हात आणि त्यांच्यावर खिळलेले त्या अधिकाऱ्याचे दोन डोळे, म्हणून चित्रपटाचे हे नाव. मनात आणले तर हे कैदी केव्हाही पळून जाऊ शकतात, आणि एकदा तसा प्रयत्नही करितात. परंतु ते डोळे त्यांच्या मनात घर करून बसलेले असतात. तेच त्यांना परत आणितात. बाहेरचा पहारेकरी आत कसा शिरतो आणि माणसाची सदसद्विवेकबुद्धी कशी जागी होते, हे येथे एकाही लांबलचक भाषणावाचून दाखविले आहे.

पुढे शेत पिकते. कैदी भाजी घेऊन बाजारास जातात आणि ती रास्त भावाने विकू लागतात. ह्यामुळे तेथील नफेखोर व्यापाऱ्याचा धंदा बसतो व तो त्यांच्यावर गुंड घालतो. ह्या प्रसंगाकडे प्रत्येक प्रेक्षकाने बारकाईने पाहावे. हे सहाही जण एकेकाळी माणूस मारून तुरुंगात आलेले. समोरच्या गुंडांना लोळविणे त्यांना मुळीच कठीण नाही. चित्रपटगृहातील प्रेक्षकही आता हे उठतील, आता मारतील, म्हणून श्वास रोखून बसलेला असतो. परंतु आपल्या बाबूजींना त्यांनी हात न उचलण्याचा शब्द दिलेला असतो. ते मार खातात, रक्तबंबाळ होतात, आणि शब्द पाळतात. सर्वसामान्य साहसपटात जेथे नायकाचा पहिला ठोसा बसून टाळ्या पडावयाच्या, तेथे ह्या चित्रपटात तो ठोसा मारलाच जात नाही. ज्या हातांनी पूर्वी खून केला ते हात त्या क्षणी खऱ्या अर्थाने मुक्त होतात. तुरुंगातून सुटण्याचा कागद त्यांना मागाहून मिळतो.

ह्या कथेचे मूळ कल्पनेत नाही, हेही लक्षात ठेविले पाहिजे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्यांच्या राज्यात, आजच्या सांगली जिल्ह्यातील आटपाडीजवळ, १९३९ च्या सुमारास स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची मोकळी वसाहत वसविण्यात आली. पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन हे गांधीजींचे अनुयायी ह्या कामात संस्थानाच्या साहाय्यास होते. तेथे कैदी शेती करीत, आणि त्यांना आपल्या कुटुंबासह राहता येई. माडगूळकरांचे माडगूळ हे गाव त्याच मुलखातील. तेव्हा ही हकीकत त्यांना परकी नव्हती. खुनी मनुष्यावर विश्वास टाकावा आणि तो विश्वास सार्थ ठरावा, ही गोष्ट आधी माणदेशाच्या मातीत घडली व मग परळच्या स्टुडिओत तिचे चित्र झाले.

चित्रपटाच्या अखेरीस शत्रू उभ्या पिकात बैल घुसवितो. आदिनाथ निःशस्त्र त्यांना सामोरा जातो व त्या झुंजीत प्राण देतो. ही झुंज चित्रित करिताना स्वतः शांतारामांच्या डोळ्यांना इजा झाली आणि काही काळ त्यांना डोळ्यांवर पट्टी बांधून अंधारात काढावा लागला. त्या अंधारात आपल्या मनश्चक्षूंपुढे रंगच रंग उभे राहिले, असे त्यांनी पुढे १९५९ सालच्या 'नवरंग' ह्या रंगीत चित्रपटाच्या प्रारंभी सांगितले आहे. पडद्यावरील नायकाचा आत्मशोध आणि त्या नायकाची भूमिका करणाऱ्या कलावंताचा आत्मशोध अशा तऱ्हेने एकाच झुंजीतून निघाले. 'दो आँखें बारह हाथ' ह्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, आणि १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवातही त्याचा गौरव झाला.

हाच विचार दुसऱ्या देशांत, दुसऱ्या विद्येच्या द्वारे मांडला गेला आहे. जपानचे विख्यात दिग्दर्शक अकिरा कुरोसावा ह्यांनी १९४३ साली आपला पहिला चित्रपट काढला, 'सान्शिरो सुगाता'. त्याचा नायक एक उमदा परंतु उतावळा तरुण. यानो नावाच्या गुरूकडे तो ज्यूदो शिकतो. अंगी बळ येते, आणि बळ येताच रस्त्यावर दंगा करून माणसे लोळवितो. गुरू त्याला बोल लावतो की, तू डाव शिकलास, पण माणुसकीचा मार्ग शिकला नाहीस. तरुण रागावतो, आपण गुरूसाठी प्राणही देऊ हे सिद्ध करण्यास आश्रमामागच्या तळ्यात उडी घेतो आणि एका खुंटाला धरून थंड पाण्यात रात्रभर उभा राहतो. हट्ट गुरूशी आहे असे त्याला वाटत असते. प्रत्यक्षात तो स्वतःच्या अहंकाराशी झगडत असतो. पहाटेच्या सुमारास समोरच्या चिखलातून उमललेले कमळ त्याच्या दृष्टीस पडते. तो पाण्याबाहेर येतो व गुरूच्या पायाशी क्षमा मागतो. सबंध चित्रपटातील सर्वांत मोठी लढाई हीच. आणि तीत प्रतिस्पर्धी म्हणून दुसरा कोणीही नाही.

पुढे त्याला एका वयस्क मल्लाशी सामना करावा लागतो. त्या मल्लाची मुलगी बापाच्या यशासाठी देवळात प्रार्थना करिताना त्याने पाहिलेली असते. आता ह्या म्हाताऱ्याला कसे पाडावयाचे? त्याचे हातपाय गळतात. कमळाची आठवण झाल्यावर त्याचे मन निर्मळ होते. तो लढतो, जिंकतो. परंतु त्या जयात उन्माद नसतो. कुरुक्षेत्रावर धनुष्य टाकून बसलेल्या अर्जुनाची कथा ज्यांच्या घरोघरी वाचली जाते, त्या मराठी श्रोत्यांना ह्या जपानी तरुणाची अडचण समजण्यास कष्ट पडू नयेत.

तिसरे उदाहरण हाँगकाँगचे. १९७८ साली लाऊ कार-ल्युंग ह्या दिग्दर्शकाने 'शाओलिनचा छत्तिसावा कक्ष' ह्या अर्थाच्या नावाचा चित्रपट काढला. ह्यातील तरुणाच्या घरच्यांची व सोबत्यांची परकीय राज्यकर्त्यांनी हत्या केलेली असते. सूड घेण्याची विद्या मिळावी म्हणून तो शाओलिनच्या बौद्ध मठात शिरतो. त्याला प्रथम सर्वांत वरच्या वर्गात बसावयाचे असते. परंतु तेथून त्याला तत्काळ बाहेर काढतात आणि अगदी तळाशी आणून सोडतात. मग दोन्ही हात आडवे ताणून पाण्याच्या बादल्या डोंगरावर न्यावयाच्या. हात खाली आले तर दंडांना बांधलेल्या सुऱ्या बरगड्यांत घुसतात! एकेक कक्ष, एकेक इंद्रिय, एकेक वर्ष. चित्रपटाचा मोठा भाग ह्या शिक्षणातच जातो, आणि प्रेक्षकाला त्याचा कंटाळा येत नाही, हे विशेष. अखेर तो शत्रूला मारतोच. म्हणजे सूड अगदी सुटला, असे नव्हे. परंतु पस्तीस कक्ष पार केल्यावर हवा तो कक्ष सांभाळण्याचा मान त्याला देऊ करितात, तेव्हा तो छत्तिसावा कक्ष मागतो, सामान्य लोकांना ही विद्या शिकविण्यासाठी. स्वतःसाठी विद्या मागावयास आलेला मनुष्य दुसऱ्यांना ती देणारा होतो, हा त्याच्यातील पालट.

आता ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो लोअर परळमधूनच यावयास हवा. मार खाऊन गप्प राहा, हा उपदेश गरिबाला करणे सोपे आहे. श्रीमंताला तो नेहमीच सोयीचा वाटत आलेला आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. तो संप फसला. कालांतराने गिरण्या बंद पडल्या, आणि लोअर परळमध्ये त्यांच्या जमिनीवर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. फिनिक्स मिलच्या आवारात तर मोठा बाजार आणि चित्रपटगृहे झाली. जे कामगार देशोधडीला लागले, त्यांच्या मुलांना हात आवरण्याचा उपदेश कोणत्या तोंडाने करावयाचा?

ह्या आक्षेपात तथ्य आहे, आणि त्याचे उत्तरही चित्रपटांतच शोधता येते. ह्या मुलांची कथा जयंत पवार ह्यांनी 'अधांतर' ह्या नाटकात लिहिली. तिच्या आधारे महेश मांजरेकर ह्यांनी २०१० साली मराठीत 'लालबाग परळ' व हिंदीत 'सिटी ऑफ गोल्ड' हे चित्रपट काढले. संपात होरपळलेल्या कामगाराच्या घरातील एक मुलगा गुंडांच्या टोळीत जातो. त्याच्या हाती हत्यार येते, त्याला दरारा मिळतो, पैसाही मिळतो. परंतु ज्यांनी त्याचे घर बुडविले त्यांना त्याचा घाव लागत नाही. तो पडतो त्याच्यासारख्याच दुसऱ्या कोणाच्या अंगावर आणि शेवटी त्याच्या आईच्या काळजावर. ह्या चित्रपटात हाणामारी पुष्कळ आहे आणि आत्मशोधाला जागा उरलेली नाही. म्हणूनच तो पाहताना मन विषण्ण होते. ज्या बळाला आपण कोणासाठी आहोत हे ठाऊक नाही, ते बळ बाळगणाऱ्यालाच गिळून टाकते, हे त्याने दाखविले.

शांतारामांचा आदिनाथ अन्यायापुढे मान तुकवीत नाही. तो पिकाच्या रक्षणासाठी बैलांपुढे उभा ठाकतो आणि मरतो. त्याचे कैदीही मैदान सोडून पळालेले नाहीत. हात आवरणे व मान तुकविणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संपावर गेलेल्या कामगाराने महिनेच्या महिने उपास काढून जी चिकाटी दाखविली, तीही मोठ्या बळावाचून येत नाही. ती चिकाटी आणि टोळीतील पोराचा सुरा ह्यांत कोण शूर, हा प्रश्न मुलांसमोर ठेवण्याजोगा आहे.

तेव्हा सुशिक्षित कुटुंबांनी काय करावे? मुलांना साहसपटांपासून दूर ठेवण्याचा खटाटोप करू नये. तो साधत नाही, आणि साधला तरी त्यापासून लाभ नाही. तरुण रक्ताला पराक्रमाची ओढ असते, आणि ती असावी. त्यापेक्षा वडील माणसांनी मुलांबरोबर असा चित्रपट पाहावा व घरी येताना वाटेत दोन-तीन प्रश्न विचारावे. नायकाला हे बळ कशाने मिळाले? ते कष्टाने आले, की जन्मतःच होते? चित्रपटाच्या प्रारंभी जो मनुष्य होता, तोच अखेरीस राहिला का? आणि ज्या ठिकाणी त्याला मारता आले असते, परंतु त्याने मारले नाही, अशी एखादी जागा चित्रपटात होती का? पहिल्या प्रश्नांना मुले चटकन उत्तर देतील. शेवटच्या प्रश्नापाशी बहुधा ती थबकतील, कारण पुष्कळ चित्रपटांत अशी जागाच नसते. ज्यात ती असेल, तो चित्रपट पुन्हा एकदा दाखविण्यास चिंता नाही.

गिरण्यांचे भोंगे आता थांबले आहेत. परंतु लोअर परळच्या रस्त्यावर आजही रात्रीचा खेळ सुटल्यावर तरुण मुले घोळक्याने बाहेर पडतात आणि पडद्यावरील ठोसे एकमेकांना करून दाखवितात. त्यांतील एखाद्याचा धक्का अनोळखी माणसाला लागतो, शब्दाने शब्द वाढतो, हात वर जातो. तो हात क्षणभर हवेत थांबला आणि मग खाली आला, तर त्या मुलाने नुकत्याच पाहिलेल्या चित्रपटातून काही घेतले, असे समजावे.